पाटीमागं कोण बसलंय?

उत्तरेकडच्या तळ्याकाठी चार दिवस बिऱ्हाड टाकायचं ठरलं, की माणसं आधी गाडी बघतात, मग तारखा जुळवतात, मग खाण्यापिण्याची लांबलचक यादी करतात, आणि सगळं उरकल्यावर, नाइलाजानं, तिथले नियम वाचतात. माझं सांगणं उलटं आहे. आधी नियम वाचावेत, आणि तेही सावकाश, पोराबाळांना जवळ घेऊन वाचावेत. कारण त्या रानातल्या प्रत्येक पाटीमागं कुणीतरी दबा धरून बसलेलं असतं. कुठं किडा, कुठं अस्वल, कुठं बोटाच्या पेराएवढा शिंपला, तर कुठं नुसता दगड. त्याची नीट ओळख झाली, की काय न्यायचं, काय न्यायचं नाही, कधी जायचं आणि कुठं थांबायचं, हे निम्मंअधिक आपोआप ठरतं. तेव्हा बसा निवांत, घाई कुणालाच नाही.

मी सांगतोय ते अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचं. आमची लेक मिनियापोलिसला संसार करते, म्हणून उन्हाळ्यात आमचं तिकडं जाणं होतं. दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणून ते स्वतःला मिरवतं, आणि कुणीतरी बसून दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर ती ११,८४२ भरली. जाहिरातीत आकडा कमी करून सांगणारी माणसं मी तरी दुसरीकडं पाहिली नाहीत. ही सगळी तळी बर्फाची करणी. फार पूर्वी उत्तरेकडून मैलभर जाडीचा बर्फ सरकत सरकत आला, खडक खरवडले, खड्डे पाडले, माती ढकलत नेली, आणि दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी वितळून मागं हटला तेव्हा खड्ड्यांत पाणी साठवून गेला. हा बर्फ ध्यानात ठेवा. तो गेला खरा, पण गोष्टीत पुन्हा पुन्हा डोकावणार आहे.

आता गाडीचं थोडक्यात उरकून घेऊ. आरव्ही म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड: आत ओटा, बिछाने, फ्रिज, मोरी, संडास सगळं. भाड्यानंही मिळते. तिच्यात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची, आणि तिसरी कसली ते सांगायला नको. शेवटच्या दोन टाक्या ठरलेल्या डम्प स्टेशनवरच रिकाम्या करायच्या, कारण ते पाणी तळ्यात गेलं तर त्यातल्या खतावर शेवाळ माजतं, आणि ते शेवाळ मरून कुजताना माशांच्या वाटणीचा प्राणवायू खाऊन टाकतं. विजेची जोडणी बहुतेक ठिकाणी तीस अँपिअरची. जावयानं एकीकडं एसी चालू ठेवून दुसरीकडं मायक्रोवेव्हमध्ये पोरांचं दूध तापवायला घेतलं आणि सगळी गाडी अंधारात गेली, तेव्हापासून आमच्याकडं ‘एक तर हवा गार, नाहीतर दूध गरम’ असा घरचाच कायदा झाला. जागेचं म्हणाल तर मिनेसोटाच्या राज्य उद्यानांत मुक्कामाच्या १२० दिवस आधी बुकिंग खुलं होतं, आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार बघता बघता संपतात. म्हणजे जुलैचा बेत मार्चमध्ये, बाहेर गुडघाभर बर्फ असताना करायचा.

फाटकातून आत शिरताना पहिली पाटी भेटते ती जळणाची. घरून लाकडं आणू नका. इथली, नाहीतर मान्यता असलेल्या दुकानातलीच घ्या. आमच्याकडं बैलगाडीतून चुलीचं जळण बरोबर नेणारी माणसं पाहिलेल्या मला हे जरा कंजूषपणाचं वाटलं. पण पाटीमागं बसला होता एक हिरवा, चकाकणारा, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा भुंगेरा. त्याला ते एमराल्ड अ‍ॅश बोरर म्हणतात. मूळचा तो पूर्व आशियातला. २००२ साली अमेरिकेत डेट्रॉइटजवळ तो पहिल्यांदा सापडला, आणि २००९ मध्ये मिनेसोटात. मोठा भुंगेरा पानं कुरतडतो, त्याचं झाडाला काही नाही; खरा घात करते ती त्याची अळी. ती सालीच्या आत, झाडाचा अन्नरस जिथून वाहतो नेमक्या त्या थरात, नागमोडी बोळ कोरत जाते. असे बोळ वाढले की वर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि उभं झाड दोन-चार वर्षांत वाळतं. तो खातो मुख्यतः अ‍ॅश जातीची झाडं, आणि मिनेसोटात ती आहेत अंदाजे शंभर कोटी! ओजिब्वे ही तिथली मूळची माणसं काळ्या अ‍ॅशच्या लाकडाच्या पट्ट्या सोलून टोपल्या विणतात, म्हणजे नुसतं झाड नाही, एक हुन्नरही त्या अळीच्या तोंडी आहे.

गंमत पुढंच आहे. हा भुंगेरा स्वतःच्या पंखांवर फार लांब जात नाही. पण त्याच्या अळ्या असलेला ओंडका कुणी गाडीच्या टपावर टाकला, की तोच एका दुपारी तीनशे किलोमीटरचा प्रवास फुकट करतो, आणि शेकोटीशेजारी रचून ठेवलेल्या ढिगातून यथावकाश बाहेर पडून नव्या रानात संसार थाटतो. लाकूड वरून पाहिलं तर काही कळत नाही, अळी सालीखाली. बाहेर पडतानाचं भोक मात्र ओळखता येतं, कारण ते गोल नसतं, एका बाजूनं सपाट असतं, कापलेल्या अर्ध्या वर्तुळाचं. आमच्या धाकट्या नातीला हे सांगितल्यापासून ती प्रत्येक वाळक्या खोडापाशी थांबून भोकं तपासते, आणि आम्ही चालत कुठंच पोचत नाही.

दुसरी पाटी धक्क्याजवळ, गळ टाकणाऱ्यांसाठी. उरलेलं आमिष जमिनीवर टाकू नका, कचऱ्याच्या डब्यात टाका. आमिष म्हणजे काय, तर डबीतली गांडुळं. आता मी शेतकऱ्याचा मुलगा, शाळेत ‘गांडूळ शेतकऱ्याचा मित्र’ असं घोकलेला, परसात गांडूळखताचा खड्डा असलेला माणूस. गांडूळ आणि कचऱ्याच्या डब्यात? मला गांडुळाच्या वतीनं रागच आला. संध्याकाळी उद्यानातल्या रेंजर बाई शेकोटीपाशी गोष्टी सांगायला बसतात, त्यांना म्हटलं, “बाई, ह्या जिवानं तुमचं काय वाकडं केलंय?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आजोबा, ह्या रानात मुळात एकही गांडूळ नव्हतं.”

बघा आता, तो बर्फ आला! मैलभर जाडीच्या त्या बर्फाखाली मातीतला जीव टिकणं शक्यच नव्हतं. बर्फ हटला, रान पुन्हा दक्षिणेकडून चढत चढत वर आलं; झाडांची बी वाऱ्यावर आली, पाखरांच्या पोटातून आली, हरणं पायांनी आली. गांडूळ मात्र राहिलं मागं, कारण त्याची चाल वर्षाला काही मीटर. त्यामुळं हे अख्खं उत्तरेकडचं रान हजारो वर्षं गांडुळाशिवाय वाढलं. तिथं गळालेलं पान लगेच मातीत जात नाही. बुरशी आणि बारीकसारीक किडे ते सावकाश, वर्षानुवर्षं कुजवतात, आणि जमिनीवर पानांचा जाड, लुसलुशीत, ओलसर थर साठतो. मेपलचं रोप त्या थरात रुजतं, तीन पाकळ्यांचं पांढरं ट्रिलियम त्यातून डोकं काढतं, जमिनीवर घरटं करणारी पाखरं त्याच्या आडोशानं अंडी घालतात. मग युरोपातून माणसं आली. त्यांच्या रोपांच्या मातीतून, जहाजांच्या तळात भरलेल्या मातीतून गांडुळंही आली. आज मिनेसोटात जेवढी गांडुळं आहेत ती सगळी पाहुणी. आणि मासेमारी संपल्यावर ‘बिचारी जगू देत’ म्हणून कुणी डबी झाडाखाली उपडी केली, की ती तो थर खाऊन फस्त करतात. वर उरते उघडी, कडक जमीन. रोपं रुजत नाहीत, फुलं दिसेनाशी होतात.

मला ही गोष्ट फार आवडली, कारण तिच्यात कुणीच वाईट नाही. तोच जीव, तेच काम. आमच्या शिवारात पाचोळ्याची माती करतो म्हणून मित्र, आणि तिथं पाचोळ्याची माती करतो म्हणूनच शत्रू. चांगलं-वाईट गांडुळात नसतं, ते कुठल्या मातीत आहे ह्यावर असतं. एवढं कळल्यावर मी स्वतः डबीचं झाकण घट्ट लावून ती डब्यात टाकली, मनात त्याची माफी मागून.

तिसरी पाटी खाण्याची. ताटल्या, पेट्या, तेल, साबण, दातांची पेस्टसुद्धा, वास येणारं काहीही रात्री बाहेर ठेवायचं नाही, गाडीत कुलूपबंद. इथं मागं बसलंय ते काळं अस्वल, आणि त्याला वास किती लांबून येतो ह्याची कल्पना करायची असेल तर आमच्या घरच्या कैरीच्या लोणच्याची बरणी उघडी ठेवून बघा, असं मी म्हणणार होतो, पण तुमच्या अंगाशी यायचं. अस्वलाची हाव समजून घ्यायची तर त्याचा हिवाळा समजून घ्यायला हवा. मिनेसोटाची थंडी शून्याखाली तीस-तीस अंशांपर्यंत उतरते. खायला काही नसतं. मग हे जनावर गुहेत किंवा उन्मळलेल्या झाडाच्या बुंध्याखाली शिरतं आणि पाच-सहा महिने खात नाही, पीत नाही, मुतत नाही की हगत नाही. हृदयाचे ठोके मिनिटाला दहाच्या आसपास येतात. अंगातली घाण बाहेर टाकायची सोय नाही, म्हणून लघवीतला नत्र पुन्हा वापरून ते आपलं मांस राखतं. आपण पंधरा दिवस अंथरुणाला खिळलो तर पाय काड्या होतात. हे अर्धं वर्ष पडून उठतं आणि चालायला लागतं.

मादीचं तर त्याहून नवल. जोडी जमते उन्हाळ्याच्या सुरुवातीला, गर्भही राहतो, पण तो वाढत नाही. बारीक ठिपक्याएवढा होऊन पोटात नुसता थांबून राहतो. पावसाळी बोरं, बिया, मुंग्या खाऊन शरद ऋतूत आईच्या अंगावर पुरेशी चरबी चढली, तरच तो नोव्हेंबरच्या सुमारास रुजतो. नाही चढली तर नाही. आणि जानेवारीत, बाहेर हिमवादळ चालू असताना, अर्धवट झोपेतल्या आईच्या कुशीत अडीचशे-साडेतीनशे ग्रॅमची पिल्लं जन्मतात आणि दूध पिऊ लागतात. म्हणून शरदात अस्वल दिवसाला वीस हजार कॅलरींपर्यंत खातं. त्याला आपला खाऊ म्हणजे पुढच्या वर्षाची पिल्लं दिसतात. पण एकदा माणसाच्या खाण्याला चटावलेलं अस्वल वस्तीपाशी घुटमळायला लागतं, आणि मग कित्येकदा त्याला गोळी घालावी लागते. उघडी राहिलेली पेटी महागात पडते ती आपल्याला कमी, त्याला जास्त.

नावेच्या उतारावरची पाटी म्हणते, पाण्यातून नाव काढलीत की बूच काढा, सगळं पाणी काढून टाका, आणि रस्त्यावर बूच काढूनच चला. हा तिथं कायदाच आहे. तिच्यामागं झेब्रा शिंपला, काळ्या आणि कॅस्पियन समुद्राकडचा, जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून १९८०च्या दशकात अमेरिकेच्या मोठ्या तळ्यांत उतरलेला. एक मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी घालते आणि पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत. नावेच्या तळाशी उरलेल्या तांब्याभर पाण्यात ती एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. एवढा एक शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळतो. पाणी नितळ दिसायला लागतं आणि माणसं खूश होतात, पण त्या नितळपणात माशांच्या पोरांचं अन्न गेलेलं असतं.

आता लाइफ जॅकेटची पाटी. दहा वर्षांखालच्या पोराला नावेत ते अंगावर घातलंच पाहिजे. इथं मागं प्राणी नाही, खुद्द पाणी बसलंय, आणि त्याच्याइतकं विचित्र तर कुणीच नाही. बहुतेक वस्तू गार होत जातील तसतशा आकसतात आणि जड होतात. पाणीही होतं, पण चार अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याहून गार झालं की ते उलट फुगायला लागतं, हलकं होऊन वर येतं, आणि बर्फ झालं की तरंगतंच. म्हणून तळं वरून गोठतं, खालून नाही. वर माणसं बर्फाला भोक पाडून, खुर्ची टाकून गळ घालतात, आणि खाली तळाशी चार अंशांच्या पाण्यात मासे मजेत असतात. पाण्याला ही एवढी एक खोड नसती तर तळी तळापासून गोठत वर आली असती आणि मासा नावालाही उरला नसता. वसंतात बर्फ वितळून वरचं पाणी चार अंशांवर आलं, की सगळं तळं एका वजनाचं होतं, वाऱ्याच्या एका झोक्यानं वरचं खाली, खालचं वर फिरतं, आणि तळापर्यंत ताजा प्राणवायू पोचतो; शरदात पुन्हा एकदा. तळं वर्षातून दोनदा असा श्वास घेतं.

लहान तळी जुलैत पोहण्याजोगी तापतात, पण सुपीरियर तळ्याला हात लावून बघा! महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून मोठं, ८२,००० चौरस किलोमीटरचं, ४०६ मीटरपर्यंत खोल. जगातल्या जमिनीवरच्या गोड्या पाण्याचा, बर्फ सोडला तर, साधारण दहावा भाग ह्या एका तळ्यात. त्यात शिरलेला थेंब बाहेर पडायला सरासरी १९० वर्षं घेतो. एवढं पाणी तापवणं एका उन्हाळ्याच्या आवाक्यातलं नाही. सरासरी तापमान चार अंशांच्याच आसपास. त्यात अचानक पडलेल्या माणसाला आधी थंडीनं धाप लागते, तोंडात पाणी जातं, मग हातपाय काम करेनासे होतात. पट्टीचा पोहणाराही पोहायचं विसरतो. म्हणून पोरांना काठावर दगड फेकू द्या, आत शिरायची घाई नको.

ह्यापुढची पाटी नवख्या माणसाच्या नजरेतून सुटते: तळ्याच्या गवताळ कडेला नाव जोरात हाकू नका, शिशाची वजनं वापरू नका. तिथं लून बसलेली असते. काळी-पांढरी नक्षी, लाल डोळे, आणि रात्री अशी काही ओरडते की पहिल्यांदा ऐकणारा पांघरूण डोक्यावर घेतो. पाखरांची हाडं पोकळ असतात असं आपण शिकलो. हिची बरीचशी भरीव. म्हणून ती दगडाच्या वजनानं बुडी घेते आणि साठ मीटरपर्यंत खाली जाऊ शकते. पाय अगदी मागं, पोहायला उत्तम, चालायला निकामी. त्यामुळं घरटं पाण्याच्या काठालाच, आणि नावेच्या एका लाटेनं अंडी वाहून जातात. उडायचं तर पाण्यावर पाय आपटत लांबवर धावावं लागतं, भरलेल्या एसटीनं घाट चढावा तसं, इंच इंच वर. पोटात अन्न दळायला ती तळातले खडे गिळते, आणि त्यात गळाचं शिसं गेलं की मरते. जूनच्या शेवटाला गेलात तर पिल्लं आईबापाच्या पाठीवर बसून फिरताना दिसतील.

हिवाळ्यात ती जाते मेक्सिकोच्या आखाताकडं. खाऱ्या पाण्यात राहायचं म्हणून डोळ्यांवरच्या ग्रंथी जास्तीचं मीठ बाहेर टाकतात. आईबाप आधी निघून जातात. पिल्लं मागाहून, कुणी वाट न दाखवता, आपली आपण जातात. आणि त्याच आखाताला मिनेसोटातून आणखी एक जण जातो, चालत. मिसिसिपी. इटास्का तळ्यातून ती बाहेर पडते तिथं रुंदी साधारण अठरा फूट, पाणी गुडघाभर. मधे दगड टाकलेत, त्यांवरून पाच वर्षांचं पोर अमेरिकेची सगळ्यात नावाजलेली नदी ओलांडतं आणि वर बापाला पलीकडून हात करतं. तिथल्या खांबावर लिहिलंय, समुद्र २,५५२ मैलांवर. दक्षिणेला जायचं असून ती आधी निघते उत्तरेला, बमिजीकडं, मग पूर्वेला वळते, मग कुठं खाली. आणि तिथल्या थेंबाला आखातात पोचायला सुमारे तीन महिने लागतात. इटास्का हे १८९१ साली झालेलं, राज्यातलं सगळ्यात जुनं उद्यान. १९०३ मध्ये लाकूडतोडीच्या बांधामुळं तिथलं पाणी चढून जुने पाइन बुडायला लागले, तेव्हा उद्यानाचा कारभार बघणारी चोवीस वर्षांची मेरी गिब्ज त्या बांधावर जाऊन हत्यारबंद माणसांपुढं उभी राहिली होती. आज त्या पाइनांखाली तुम्ही खुर्ची टाकता, त्यात तिचाही वाटा.

इटास्काहून पूर्वेला डुलुथ शहर, आणि तिथून सुपीरियरच्या काठानं महामार्ग ६१. ह्या वाटेवर मला परक्या मुलखात असल्याचं विसरायला झालं, कारण काठचा खडक काळा, आणि तो मी लहानपणापासून ओळखतो. आमच्या सह्याद्रीचा असतो तोच बेसाल्ट, लाव्ह्याचा. फक्त वयात फरक: आपला साडेसहा कोटी वर्षांचा, तिकडचा ११० कोटींचा. तेव्हा अमेरिका खंड मधोमध फाटायला निघालं होतं, चिरेतून लाव्हा थरावर थर वाहिला, आणि मग का कोण जाणे, फाटणं अर्धवट राहिलं. थिजताना लाव्ह्यात वायूचे बुडबुडे राहिले, त्यांत गारेचं पाणी झिरपून पातळ पातळ पापुद्रे साठले, लोहानं त्यांना लाल-नारिंगी रंग दिला, आणि झाला अकीक. आमच्याकडं विहीर खणताना गारगोट्या निघतात त्यांची हीच जन्मकथा. मग तो बर्फ आला, त्यानं हे खडे उपसून दक्षिणेकडं दूरवर विखरून टाकले. १९६९ पासून सुपीरियरचा अकीक मिनेसोटाचा राज्यरत्न आहे. पाटी सांगते, उद्यानाच्या हद्दीतला दगड उचलू नका. ओला करावा, उन्हाकडं धरून पापुद्रे मोजावेत, आणि पुढच्याच्या पोरासाठी ठेवून द्यावा.

वाटेत ग्रँड मरे गाव ओलांडून पुढं गेलात की डेव्हिल्स केटलचा धबधबा बघाच. ब्रूल नदी तिथं खडकावर आदळून दोन होते. एक धार सरळ खाली पडते, दुसरी एका मोठ्या रांजणखळग्यात शिरते आणि गडप! खाली कुठं निघते कुणाला दिसेना. माणसांनी वर्षानुवर्षं त्यात चेंडू टाकले, ओंडके टाकले, रंग टाकला. काही म्हणाले पाणी पाताळात जातं. शेवटी २०१६ मध्ये जलशास्त्रज्ञांनी सरळ नदी मोजली: धबधब्यावर सेकंदाला १२३ घनफूट, खाली १२१. म्हणजे काही हरवलंच नव्हतं. खळग्यातलं पाणी थोडं पुढं, खालूनच नदीत परत मिसळतं. जे चेंडू दिसले नाहीत ते आत घुसळून पिसले गेले असणार. पाताळाचा बेत फसला म्हणून आमचा थोरला नातू जरा खट्टू झाला, पण मला वाटतं नदीचं मोजमाप करून तिला खोटेपणाच्या आळातून सोडवणं ही काही लहान गोष्ट नाही.

जायचं कधी, हे आता तुम्हीच सांगाल. लूनची पिल्लं आणि रात्री नऊपर्यंतचा उजेड हवा तर जून, पण डास आणि गोचिड्यांची तयारी करून. मोजे पँटवर चढवायचे आणि रोज झोपताना पोरांची अंगं तपासायची. ब्ल्यूबेरी आणि पोहणं हवं तर जुलै-ऑगस्ट. रानातली बोरं आणि अळंबी स्वतःपुरती खुडायला उद्यानात मुभा आहे, पण अळंबी ओळखणारा सोबत असेल तरच. मला विचाराल तर ऑगस्टचा शेवट. डास ओसरतात, आणि तळ्यांत भात पिकतो. हो, भात! आपल्या साळीचा लांबचा नातलग, पण स्वतंत्र गवत. गुडघा-मांडीभर पाण्यात आपोआप उगवतं, दर वर्षी बी पडून नव्यानं. ओजिब्वे दोघं-दोघं होडीत बसतात. एक बांबूसारखा लांब दांडा तळात रोवून होडी ढकलतो, दुसरा दोन हलक्या काठ्यांनी कणसं वाकवून होडीत झोडतो. त्याचेही नियम: काठी तीस इंचांहून लांब नको, पौंडाहून जड नको, होडी छत्तीस इंचांहून रुंद नको. जोरानं झोडलं तर रोप मोडतं. हलकं झोडलं तर पिकलेलं तेवढं होडीत येतं, थोडं पाण्यात पडतं, कच्चं झाडावर राहतं. पाण्यात पडलेलं ते पुढच्या वर्षाचं बियाणं.

लाकडावर भाजलेला, हातानं झोडलेला असला एक पुडा विकत घ्या आणि गाडीच्या शेगडीवर शिजवा. आपल्या आंबेमोहोराच्या अंदाजानं बघू नका; शेतात लावलेल्या काळ्याकुट्ट जातीला तर तासभरही लागतो. दाणा उकलून आतून पांढरा दिसला की झाला. आमच्या लेकीनं त्यावर लसूण-मिरचीची फोडणी दिली, तेव्हा शेजारच्या तंबूतली माणसं वासानं उठून विचारायला आली, आणि मी त्यांना सांगितलं, की ताटल्या घेऊन या, पण झोपण्याआधी धुऊन गाडीत ठेवा, तिसऱ्या पाटीवरचे गृहस्थही जेवायला यायचे.